एकाच नावाच्या दोन फाइली : जावा प्रोग्राममधील छोटी चूक, व्यापाऱ्याचे मोठे नुकसान

व्यापार म्हटला की कागद आलाच. बिल, चलन, ऑर्डर, डिझाइन, ओळखपत्राची प्रत. पूर्वी हे कागद गिऱ्हाईक हातात आणून देई आणि आपण ते तारेला टोचून ठेवत असू. आता तेच कागद फाइलीच्या रूपाने संगणकावर येतात. दुकानाची वेबसाइट असते, तिच्यावर ‘फाइल अपलोड करा’ असे बटण असते, गिऱ्हाईक घरबसल्या फाइल पाठवतो. सोय मोठी आहे. परंतु तारेला टोचलेले दोन कागद एकमेकांना खात नाहीत. संगणकातल्या एकाच नावाच्या दोन फाइली मात्र एकमेकींना खाऊ शकतात. हे कसे घडते आणि ते टाळावे कसे, याची माहिती या लेखात देत आहोत. जावा शिकणाऱ्या तरुणांना तिचा उपयोग होईलच, पण जे दुकानदार दुसऱ्याकडून वेबसाइट बनवून घेतात त्यांनीही हा लेख शेवटपर्यंत वाचावा. कारण चूक प्रोग्रामरची असली तरी नुकसान दुकानदाराचे होते.

एका छापखान्यातील प्रसंग

माझ्या परिचयातील एका छापखान्याच्या मालकाने लग्नपत्रिकांच्या ऑर्डरी वेबसाइटवरून घेण्यास सुरुवात केली. लग्नसराईचे दिवस होते. सकाळी एका गिऱ्हाईकाने आपल्या मजकुराची फाइल पाठवली, नाव ‘पत्रिका.पीडीएफ’. दुपारी दुसऱ्या गिऱ्हाईकाने पाठवली, तिचेही नाव ‘पत्रिका.पीडीएफ’. संध्याकाळी कारागिराने पहिल्या ऑर्डरची फाइल उघडली आणि पाचशे पत्रिका छापून बांधून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पहिला गिऱ्हाईक आला, गठ्ठा सोडला आणि म्हणाला, “भाई, हे कोणाचं लग्न छापलंत?”

पहिली फाइल शोधली, ती कोठेच नव्हती. सर्व्हरवर ‘पत्रिका.पीडीएफ’ एकच होती, आणि ती दुपारची होती. सकाळची फाइल दुपारीच पुसली गेली होती. कोणालाही सूचना मिळाली नव्हती. कागद गेला, शाई गेली, मजुरी गेली. त्याहून वाईट म्हणजे एका घरचा पत्ता व फोन नंबर दुसऱ्या घरी गेला. मालकाने दोन्ही ऑर्डरी पदरमोड करून पुन्हा छापून दिल्या. येथे पत्रिका होती म्हणून भागले. तेथे आधार कार्डाची प्रत, दवाखान्याचा रिपोर्ट किंवा पैसे भरल्याची पावती असती तर?

संगणक तक्रार का करीत नाही?

ब्राउझरमधून फाइल पाठवण्याची पद्धत नोव्हेंबर १९९५ मध्ये आरएफसी १८६७ या दस्तऐवजाने मांडली. झेरॉक्स कंपनीतील नेबेल व मासिंटर यांनी तो लिहिला होता. या पद्धतीत ब्राउझर फाइलीतील मजकुराबरोबर फाइलीचे नावही पाठवतो. हे नाव गिऱ्हाईकाच्या संगणकावरील किंवा मोबाइलवरील असते. ती त्याच्या सोयीची चिठ्ठी आहे. ती जगात एकमेव असेल असे कोणीही म्हटलेले नाही.

जावामध्ये हे काम बरीच वर्षे ‘अपाचे कॉमन्स फाइलअपलोड’ यासारख्या बाहेरच्या लायब्ररीकडून करून घ्यावे लागे. डिसेंबर २००९ मध्ये सर्व्हलेट ३.० आले आणि ही सोय जावाच्या वेब व्यवस्थेतच मिळाली. येणाऱ्या प्रत्येक तुकड्याला ‘पार्ट’ म्हणतात. २०१३ च्या सर्व्हलेट ३.१ मध्ये ‘गेटसबमिटेडफाइलनेम’ ही पद्धत आली, ती गिऱ्हाईकाने पाठवलेले नाव सांगते. नवशिका प्रोग्रामर हेच नाव घेतो, त्यापुढे फोल्डरचा पत्ता जोडतो आणि फाइल लिहून मोकळा होतो. चूक येथेच होते.

त्या नावाची फाइल आधीच असेल तर काय घडते, ते लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. जावाचा जुना ‘फाइलआउटपुटस्ट्रीम’ जुनी फाइल रिकामी करतो आणि तिच्यात नवी भरतो. स्प्रिंगमधील ‘ट्रान्सफरटू’ या पद्धतीच्या माहितीपत्रकातच लिहिले आहे की, त्या नावाची फाइल असल्यास ती आधी काढून टाकली जाईल. दोन्ही ठिकाणी चूक दाखवली जात नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने काही चुकलेलेच नसते.

२०११ साली जावा ७ बरोबर आलेला ‘फाइल्स’ हा वर्ग मात्र सावध आहे. त्यातील ‘कॉपी’ पद्धतीला त्या नावाची फाइल आढळली तर ती काम थांबवते आणि ‘फाइल आधीच आहे’ अशी चूक दाखवते. दुर्दैवाने पुष्कळ जण ही चूक दिसली की ‘रिप्लेस एक्झिस्टिंग’ हा पर्याय जोडून तिचे तोंड बंद करतात. पहारेकरी हाक मारतो म्हणून त्यालाच घरी पाठवण्यासारखे हे आहे.

नावे जुळतात तरी कशी?

“एवढी गिऱ्हाइके, एवढी नावे. जुळण्याचा योग कितीसा?” असे वाटणे साहजिक आहे. पण फाइलींची नावे आता माणसे फारशी ठेवीत नाहीत, यंत्रे ठेवतात. अँड्रॉइड मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपने आलेल्या फोटोच्या नावात तारीख, ‘डब्ल्यूए’ ही अक्षरे आणि त्या दिवसाचा अनुक्रमांक असतो. म्हणजे एकाच तारखेला दोन माणसांच्या मोबाइलमधील तिसऱ्या फोटोचे नाव हुबेहूब सारखे असू शकते. बहुतेक डिजिटल कॅमेरे चार अक्षरे आणि चार अंक असे नाव देतात. आकडे ९९९९ पर्यंत गेले की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. आयफोनवर वेबपानातून तेव्हाच्या तेव्हा काढलेला फोटो अनेकदा नुसत्या ‘इमेज’ या नावाने येतो. स्कॅनरचेही तसेच. तेव्हा नावे जुळणे हा अपवाद नसून रोजचा प्रकार आहे, असे धरूनच प्रोग्राम लिहावा.

अर्धवट उपाय

या रोगावर चार उपाय नेहमी सांगितले जातात. ते का अपुरे आहेत हे समजून घेतले म्हणजे योग्य उपाय आपोआप पटतो.

पहिला उपाय : आधी फाइल आहे की नाही ते पाहणे आणि नसेल तरच लिहिणे. हा उपाय एकट्याने तपासताना अगदी बरोबर चालतो. पण वेब सर्व्हर एका वेळी अनेक गिऱ्हाइकांची कामे करतो. पहिल्याने पाहिले, फाइल नाही. त्याच क्षणी दुसऱ्यानेही पाहिले, फाइल नाही. मग दोघांनी लिहिली. रेल्वेच्या डब्यात एकाच रिकाम्या जागेवर दोन बाजूंनी दोन रुमाल पडावेत, तसे हे होते. पाहणे आणि लिहिणे यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यातून फाइल निसटते.

दुसरा उपाय : ‘सिंक्रोनाइज्ड’ हा शब्द वापरून एका वेळी एकालाच आत सोडणे. याने फट बुजते, पण चालू असलेल्या एका जावा प्रोग्रामपुरतीच. उद्या धंदा वाढला आणि दोन सर्व्हर एकाच फोल्डरमध्ये लिहू लागले की एका दारावरचा पहारेकरी दुसऱ्या दाराला उपयोगी पडत नाही. शिवाय एकाची मोठी फाइल चढेपर्यंत बाकीच्यांना ताटकळावे लागते.

तिसरा उपाय : नावापुढे वेळ जोडणे. सेकंदाचा हजारावा भाग धरला तरी दोन विनंत्या एकाच क्षणी येऊ शकतात. त्यातच काही यंत्रांवर हे घड्याळ दहा-दहा हजारांशांच्या टप्प्याने पुढे सरकते. धोका कमी होतो, पण संपत नाही.

चौथा उपाय : कंसात १, २, ३ असे आकडे वाढवीत जाणे. घरच्या संगणकावर हे आपण नेहमी पाहतो. हा उपाय नीट करायचा तर ‘क्रिएट न्यू’ हा पर्याय वापरावा लागतो. त्यात ‘आहे का’ हे पाहणे आणि फाइल निर्माण करणे ही दोन्ही कामे एकाच अभंग कृतीत होतात, मध्ये कोणी शिरू शकत नाही. नाव अडले की पुढचा आकडा घेऊन पुन्हा प्रयत्न करायचा. फाइल नक्की वाचते. पण ‘पत्रिका ७’ ही कोणाची, हे कारागिराला कसे कळणार? म्हणजे फाइल वाचली तरी घोटाळा उरतोच.

धोब्याची खूण

आता योग्य मार्ग पाहू. धोब्याकडे शंभर घरांचे पांढरे सदरे येतात. सदऱ्याला ‘पांढरा सदरा’ म्हणून तो ओळखत नाही. तो प्रत्येक कपड्याला आपली खूण करतो आणि कोणती खूण कोणाची हे लक्षात ठेवतो. गिऱ्हाईक कपड्याला काहीही म्हणो, धोबी आपल्या खुणेवर चालतो.

फाइलींचेही तसेच करावे. गिऱ्हाईकाने दिलेले नाव वेगळे आणि सर्व्हरवर ठेवायचे नाव वेगळे. सर्व्हरवरचे नाव आपण स्वतः द्यायचे, ते कधीही गिऱ्हाईकाकडून घ्यायचे नाही. दोघांची सांगड डेटाबेसच्या नोंदवहीत घालायची.

अशी खूण तयार करण्यासाठी जावामध्ये २००४ च्या पाचव्या आवृत्तीपासून ‘यूयूआयडी’ हा वर्ग आहे. त्यातील ‘रँडमयूयूआयडी’ पद्धत ३६ चिन्हांची एक खूण देते. त्यातील १२२ बिट केवळ योगायोगाने ठरतात. अशा दोन खुणा जुळण्याची शक्यता इतकी नगण्य आहे की व्यवहारात ती धरायचे कारण नाही. तरीही लिहिताना ‘फाइल्स’ची ‘कॉपी’ पद्धतच वापरावी आणि ‘रिप्लेस’चा पर्याय देऊ नये. मग जुळण्याचा योग आलाच तरी जुनी फाइल पुसली जाणार नाही, फक्त चूक दिसेल.

कामाचा क्रम

शिकणाऱ्यांनी पुढील क्रम वहीत उतरवून घ्यावा.

१) फॉर्ममधून ‘पार्ट’ घ्यावा. नाव किंवा मजकूर रिकामा असेल तर तेथेच थांबावे. फाइलीच्या आकाराची कमाल मर्यादा ‘मल्टिपार्टकॉन्फिग’मध्ये आधीच घालावी.

२) आलेल्या नावातील शेवटचा भागच ठेवावा. जुने इंटरनेट एक्सप्लोरर ब्राउझर फोल्डरसह पूर्ण पत्ता पाठवीत असत. उलटी व सुलटी, दोन्ही तिरक्या रेघा लक्षात घ्याव्यात. हे नाव फक्त दाखवण्यासाठी आहे.

३) फाइलीचा प्रकार आपल्या यादीशी ताडून पाहावा. छापखान्याला पीडीएफ आणि दोन-तीन प्रकारची चित्रे पुरतात. बाकीचे परत पाठवावे. नावाच्या शेपटीवर विसंबू नये, शक्य तेथे आतला मजकूरही तपासावा.

४) यूयूआयडी तयार करून त्या नावाने फाइल लिहावी. फोल्डर वेब प्रोग्रामच्या बाहेर असावे. आत ठेवले तर नवी आवृत्ती बसवताना गिऱ्हाइकांच्या फाइली प्रोग्रामबरोबर पुसल्या जाण्याचा धोका असतो.

५) डेटाबेसमध्ये एक ओळ लिहावी : ऑर्डर नंबर, गिऱ्हाईकाचा क्रमांक, मूळ नाव, खूण, आकार आणि वेळ. खुणेच्या रकान्याला ‘युनिक’ ही अट घालावी.

६) फाइल अर्धवट लिहिली गेली किंवा नोंद झाली नाही, तर आपण लिहिलेली फाइल काढून टाकावी. मात्र चूक ‘फाइल आधीच आहे’ अशी असेल तर काहीही काढू नये. ती फाइल दुसऱ्याची आहे.

७) फाइल परत देताना नोंदवहीतून खूण शोधावी. मागणारा तोच गिऱ्हाईक आहे ना, हे पाहावे आणि फाइल मूळ नावाने द्यावी. गिऱ्हाईकाला खूण दिसण्याची गरजच नाही.

२०२० सालच्या जकार्ता ईई ९ पासून या वर्गांच्या नावांची सुरुवात ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ अशी झाली आहे. जुन्या पुस्तकावरून शिकणाऱ्यांनी एवढा फरक लक्षात ठेवावा. क्रम तोच आहे.

त्याच गिऱ्हाईकाने पुन्हा पाठवली तर?

येथवर दोन वेगळ्या गिऱ्हाइकांची गोष्ट झाली. आता समजा, त्याच ऑर्डरसाठी त्याच माणसाने ‘पत्रिका.पीडीएफ’ पुन्हा पाठवली. मामांचे नाव राहिले होते म्हणून दुरुस्त करून पाठवली असेल. किंवा बटण दोनदा दाबले गेले असेल. किंवा ती पत्रिकेची दुसरी बाजू असेल. हे प्रोग्रामरने मनाने ठरवू नये. हा दुकानाच्या रिवाजाचा प्रश्न आहे आणि तो मालकाने सांगायचा.

आमचा सल्ला असा की, व्यवहाराची कागदपत्रे कधी पुसू नयेत. दुसरी फाइल दुसरी प्रत म्हणून ठेवावी, नोंदवहीत प्रत १, प्रत २ असे क्रमांक द्यावेत आणि गिऱ्हाईकालाच विचारावे : “या नावाची फाइल आपण आधी दिली आहे. कोणती छापायची?” त्याचे उत्तर वेळेसह नोंदवावे. उद्या वाद झाला तर हीच नोंद दुकानदाराची साक्षीदार असेल.

बटण दोनदा दाबले गेले का, हे ओळखण्यासाठी ‘एसएचए-२५६’ ही पद्धत उपयोगी पडते. ती फाइलीच्या संपूर्ण मजकुरावरून ६४ चिन्हांचा एक ठसा काढते. मजकूर तोच असेल तर ठसाही तोच येतो. एक अक्षर बदलले की ठसा बदलतो. जावामध्ये हे काम ‘मेसेजडायजेस्ट’ वर्ग करतो. ठसा जुळला तर सूचना द्यावी, पण फाइल परस्पर टाकून देऊ नये.

मराठी नावांची गंमत

आपली गिऱ्हाइके मराठीत नावे देतात, तेव्हा आणखी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ‘व्यापाऱ्यांची यादी’ यातील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते. एक तर अखंड अक्षर म्हणून, नाहीतर ‘र’ आणि खाली नुक्ता अशा जोडीने. डोळ्याला दोन्ही सारखी दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटतात. म्हणून नावांची तुलना करण्यापूर्वी २००६ च्या जावा ६ पासून असलेल्या ‘नॉर्मलायझर’ने दोन्ही एका रूपात आणावीत.

दुसरे, लिनक्सवरील नेहमीच्या ‘ईएक्सटी ४’ व्यवस्थेत नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हांतच नाव संपते. खुणेने फाइल ठेवणाऱ्याला ही अडचण येत नाही. तिसरे, इंग्रजी नावांत लिनक्स लहान-मोठ्या लिपीतला फरक मानतो, विंडोज साधारणपणे मानत नाही. म्हणून एका यंत्रावर नीट चाललेला प्रोग्राम दुसऱ्यावर फाइल पुसू शकतो.

नुसता विसराळूपणा नव्हे, चोरीही

गिऱ्हाईकाने दिलेल्या नावावर विसंबण्याचा आणखी एक धोका आहे. नावात दोन टिंबे आणि तिरकी रेघ घालून दुष्ट माणूस ठरलेल्या फोल्डरच्या बाहेर फाइल लिहवू शकतो आणि सर्व्हरचा ताबा घेऊ शकतो. हा धोका पुस्तकी नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ‘अपाचे स्ट्रट्स’ या जावाच्या नामांकित व्यवस्थेत फाइल अपलोडमधील याच जातीचा दोष जाहीर झाला आणि सर्वांना घाईने नवी आवृत्ती बसवावी लागली. स्वतःची खूण वापरणे हा या चोरीवरचाही मोठा बंदोबस्त आहे. मात्र वापरातल्या लायब्ररीच्या सुधारित आवृत्त्या वेळच्या वेळी बसवल्याच पाहिजेत.

फाइली भाड्याच्या क्लाउडवर ठेवल्या म्हणजे चिंता मिटली असेही नाही. अ‍ॅमेझॉनच्या ‘एस ३’ सेवेत त्याच नावाने दुसरी फाइल पाठवली तर पहिलीची जागा तीच घेते. जुन्या प्रती राखण्याची सोय आहे, पण ती आपण सुरू करावी लागते. ‘नसेल तरच लिही’ अशी अट घालण्याची सोय तेथे ऑगस्ट २०२४ पासून मिळाली आहे.

दुकानदाराने काय विचारावे?

प्रोग्राम विकत घेणाऱ्याला जावा येण्याची गरज नाही. त्याने पैसे देण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. सर्व्हरवर फाइल कोणत्या नावाने राहते? एकाच नावाच्या दोन फाइली आल्या तर काय होते? फाइलीचे फोल्डर प्रोग्रामच्या बाहेर आहे का? एका गिऱ्हाईकाला दुसऱ्याची फाइल उघडता येते का? फोल्डर आणि नोंदवही दोन्हींची रोज प्रत काढली जाते का? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण खुणेने ठेवलेल्या फाइली नोंदवहीशिवाय बिननावाच्या होतात.

उत्तरे ऐकून समाधान मानू नये, परीक्षा घ्यावी. दोन मोबाइल घ्यावेत. दोन्हींवर एकाच नावाच्या, पण वेगळ्या मजकुराच्या फाइली ठेवाव्यात. दोन वेगळ्या ऑर्डरींखाली दोन माणसांनी एकाच वेळी बटण दाबावे. मग प्रत्येक ऑर्डरची फाइल उघडून पाहावी. हे चार-पाच वेळा करावे. पाच मिनिटांचे काम आहे. मात्र या परीक्षेत पास झाला म्हणजे प्रोग्राम निर्दोष आहे असे नव्हे. नापास झाला तर मात्र तो घेऊ नये, हे निश्चित.

आमच्या त्या छापखान्यात आता फाइली खुणेने राहतात. ऑर्डर छापायला घेण्यापूर्वी पहिल्या पानाचे चित्र गिऱ्हाईकाच्या मोबाइलवर जाते आणि त्याचा होकार आल्यावरच यंत्र सुरू होते. दुरुस्तीला एका तरुण प्रोग्रामरचे दोन दिवस लागले. जे तरुण जावा शिकत आहेत त्यांनी यातून एवढे घ्यावे की, गिऱ्हाईकाने विश्वासाने सोपवलेली वस्तू सांभाळणे हे दुकानदाराइतकेच प्रोग्रामरचेही काम आहे. ज्याच्या हातून लोकांचे कागद हरवत नाहीत, त्याला काम शोधत फिरावे लागत नाही.